मूनवॉच घ्यायचंय, पण हेसलाइट की सफायर?

ओमेगा स्पीडमास्टर प्रोफेशनल, म्हणजे चंद्रावर गेलेलं म्हणून ज्याला मूनवॉच म्हणतात ते घड्याळ, घ्यायचं हे एकदा मनाशी पक्कं झालं की वाटतं आता फक्त पैसे जमवायचे, पण खरी पंचाईत तिथून पुढे सुरू होते, कारण ओमेगा हे एकच घड्याळ दोन काचांमध्ये विकतं, एक हेसलाइट आणि एक सफायर, म्हणजे कृत्रिम नीलमाची टणक काच. दोन्हीत तेच मशीन, तीच ४२ मिलीमीटरची केस, तोच काळा डायल, आणि चार फुटांवरून बघितलं तर कुठलं कुठलं हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. मी हेसलाइट घेतलं, बरेच महिने वापरलं, मित्राकडे सफायर आहे तेही अधूनमधून हातात घालून फिरलोय, त्यामुळे दोन्हीबद्दल सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या दोघांतली निवड समोरच्या काचेवरून करा, मागच्या काचेवरून नको. शोरूममध्ये होतं काय, सेल्समन सफायरवालं घड्याळ पालथं करून दाखवतो, मागून मशीन दिसतं, बॅलन्स व्हील हलतंय, चाकं, लिव्हर सगळं झळकतंय, आणि आपण तिथेच खलास होतो. साहजिक आहे, मशीन आहेच तसं देखणं. पण घरी आल्यावर ती बाजू मनगटाला चिकटलेली असते आणि दिवसभर डोळ्यासमोर असते ती पुढची बाजू. आणि पुढच्या बाजूला ही दोन घड्याळं खरोखर वेगळी आहेत.

समान काय ते पटकन सांगतो. २०२१ पासून दोन्हीत कॅलिबर ३८६१ नावाचं मशीन आहे, हाताने किल्ली द्यायचं, ५० तास चालतं, को-ॲक्सियल एस्केपमेंट (ठोके मोजून सोडणारी कमी घर्षणाची यंत्रणा), सिलिकॉनची हेअरस्प्रिंग (ठोक्याची केसासारखी बारीक स्प्रिंग), मास्टर क्रोनोमीटर सर्टिफिकेट, म्हणजे दिवसाला ० ते ५ सेकंद पुढे एवढीच सूट आणि १५,००० गॉसचं चुंबकीय क्षेत्र सोसण्याची टेस्ट पास. लॅपटॉप, फोन, स्पीकर यांच्या गराड्यात राहणाऱ्या माणसाला हे चुंबकाचं प्रकरण फार कामाचं आहे, जुन्या मेकॅनिकल घड्याळांची यामुळे वाट लागायची. माझं रोज दोनेक सेकंद पुढे जातं, तक्रारीला जागाच नाही. शिवाय मुकुट, म्हणजे किल्ली द्यायचं बटण, बाहेर ओढला की सेकंदकाटा थांबतो, जे आधीच्या १८६१ मशीनमध्ये होत नव्हतं, त्यामुळे सेकंदाला सेकंद मिळवून वेळ लावता येते. ५ वर्षांची वॉरंटीही दोन्हीला.

आता काच. हेसलाइट म्हणजे ॲक्रिलिक, सरळ शब्दात प्लास्टिक. एवढे लाख मोजून प्लास्टिकची काच? हा प्रश्न घरच्यांपासून ऑफिसपर्यंत सगळे विचारतात आणि तो रास्तच आहे. उत्तर इतिहासात आहे. नासाने १९६४-६५ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचवाली घड्याळं, मागवून त्यांचे अक्षरशः हाल केले, तापवलं, गोठवलं, निर्वात पोकळीत ठेवलं, हादरे दिले, दमट हवेत ठेवलं, रोलेक्स आणि लाँजिन-विटनॉर त्यात गळाले आणि स्पीडमास्टर टिकलं, १ मार्च १९६५ ला ते अंतराळवीरांसाठी पात्र ठरलं. आणि यानात ॲक्रिलिकचा मोठा फायदा हा की जोरात आपटलं तर त्याला तडा जाईल पण त्याच्या बारीक ठिकऱ्या उडणार नाहीत. वजनरहित केबिनमध्ये काचेचे कण तरंगायला लागले तर ते डोळ्यात जातील, नाकात जातील, यंत्रात शिरतील. म्हणजे ती काच स्वस्तात उरकायला बसवलेली नव्हती, त्या कामाला तीच योग्य होती. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या वेळी आल्ड्रिनच्या हातावर चंद्रावर गेली ती अशीच काच. आर्मस्ट्राँगने आपलं घड्याळ यानातच ठेवलं होतं, कारण आतला इलेक्ट्रॉनिक टायमर बिघडला होता आणि बॅकअप म्हणून तिथे काहीतरी लागणार होतं.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर फक्त गुणगान होईल. १९७१ च्या अपोलो १५ मध्ये डेव्हिड स्कॉटच्या स्पीडमास्टरची हीच ॲक्रिलिक काच चंद्रावर निखळून पडली, आणि पुढच्या वेळी बाहेर पडताना त्याने स्वतःसोबत नेलेलं बुलोव्हा कंपनीचं घड्याळ हातात घातलं. तेव्हा हेसलाइट अभेद्य वगैरे आहे असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पण रोज बघताना काय वाटतं? इथे मला जरा रेंगाळायचंय. हेसलाइटचा घुमट कडेला थोडा वाकलेला आहे, त्यामुळे घड्याळ जरा तिरकं धरलं की डायलवरच्या पांढऱ्या रेघा कडेपाशी वाकतात, लांबतात, आणि मनगट हलवलं की पुन्हा सरळ होतात. संध्याकाळच्या उन्हात किंवा पिवळ्या बल्बखाली काळा डायल करडा-तपकिरी वाटायला लागतो, त्यात एक ऊब असते. नखाने हलकेच वाजवलं तर आवाज मऊ येतो. काचेच्या बरोब्बर मध्यभागी, काट्यांच्या वर, ओमेगाचं चिन्ह कोरलेलं असतं, इतकं बारीक की नुसत्या डोळ्यांना एरवी दिसत नाही, उजेड विशिष्ट कोनातून आला की क्षणभर चमकतं. मी कित्येकदा सिग्नलला थांबलेलो असताना ते शोधत बसतो.

सफायरची गोष्ट वेगळी. समोरून सरळ बघितलं तर सफायर जास्त स्वच्छ दिसते, वादच नाही, काळा रंग जास्त काळा, पांढरा जास्त पांढरा, सगळं कसं धारदार. हाताला थंड लागते, आणि महाग वस्तू हातात आहे हे लगेच कळतं. पण तिरकं धरलं की कडेने एक दुधाळ पांढरी कडी दिसते, जाड सफायरच्या काठावरून प्रकाश परत येतो त्याची ती कडी. काहींना ती अजिबात खुपत नाही. मला खुपते, एकदा दिसली की मग सतत दिसते, आणि मित्राचं घड्याळ आठवडाभर घातलं तेव्हा माझी नजर वेळेऐवजी त्या कडीवर जायची. शोरूमच्या वरून येणाऱ्या पांढऱ्या उजेडात ती नीट जाणवत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

बाकी बारीक फरक आहेत. सफायरवर डायलचं ओमेगा चिन्ह धातूचं, वेगळं बसवलेलं, हेसलाइटवर ते छापलेलं. सफायरच्या ब्रेसलेटमध्ये मधल्या बारीक कड्या चकचकीत, हेसलाइटचं ब्रेसलेट सगळं ब्रश केलेलं, साधं, अवजारासारखं. हेसलाइटचं मागचं झाकण स्टीलचं बंद, मध्ये समुद्री घोडा आणि भोवती नासाचा आणि चंद्रावरच्या पहिल्या घड्याळाचा उल्लेख. मला छापील चिन्ह आणि ब्रश केलेलं ब्रेसलेट जास्त आवडतं कारण हे घड्याळ मुळात दागिना नव्हतं. लग्नाकार्यात, कोट-शेरवानीवर घालायचं असेल तर मात्र सफायरची ती जरा जास्तीची चमक शोभून दिसते, हे मान्य.

ओरखड्यांचं काय? हेसलाइटला ओरखडे पडतात, पडणारच. दाराची कडी, बॅगेची चेन, किचनचा ओटा, कुठेही. पण ते जातातही. पॉलीवॉच नावाची छोटी ट्यूब मिळते, थेंबभर पेस्ट घ्यायची, मऊ सुती कापडाने ओरखड्याला आडवं, थोडा दाब देऊन चोळायचं, काच आधी धूसर होते, जीव घाबरा होतो, मग पुसून परत चोळायचं, आणि हळूहळू ती रेघ अंधुक होत जाते आणि शेवटी ट्यूबलाइटचं प्रतिबिंब काचेवर अखंड दिसायला लागतं. चोळण्याआधी बेझलला, म्हणजे काचेभोवतीच्या आकड्यांच्या कड्याला, कागदी चिकटपट्टी लावून घ्या, नाहीतर त्या काळ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर उगाच घासलं जाईल. फार खोल खड्डा पडला तर पेस्टने जाणार नाही, काच बदलावी लागेल, पण ती सफायरपेक्षा कितीतरी स्वस्तात पडते. सफायरवर ओरखडा सहसा पडतच नाही, हा तिचा मोठा गुण, पण कडेला टवका उडाला किंवा तडा गेली तर घरी करण्यासारखं काहीच नाही, सर्व्हिस सेंटर आणि मोठं बिल.

आपल्यापैकी ज्यांच्या घरात वडिलांचं किंवा आजोबांचं एचएमटी जनता होतं त्यांना यातलं काहीच नवीन वाटणार नाही. तीही ॲक्रिलिक काच, तीही रोज सकाळी किल्ली द्यायची, आणि काच खराब झाली की कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे न्यायची, तो डोळ्याला भिंग लावून, घासून-पुसून लखलखीत करून द्यायचा. माझ्या वडिलांनी माझं स्पीडमास्टर हातात घेतलं तेव्हा इतिहास-बितिहास काही न विचारता आधी मुकुट फिरवून बघितला आणि म्हणाले, किल्लीचं आहे होय, मग चांगलं आहे. मशीन दोन्हीकडे सर्वस्वी वेगळी आहेत, किमतीची तर बरोबरीच नाही, पण सकाळी चहा होईपर्यंत उभ्या उभ्या किल्ली द्यायची ती सवय तीच आहे, आणि ३८६१ ची किल्ली इतकी गुळगुळीत फिरते की कधी कधी गरजेपेक्षा आधीच द्यावीशी वाटते.

साइजबद्दल खूप जण विचारतात. ४२ ऐकून घाबरू नका. या कानापासून त्या कानापर्यंत (कान म्हणजे पट्टा अडकतो ती टोकं) साधारण साडेसत्तेचाळीस मिलीमीटर भरतं, कान खाली वळलेले आहेत आणि काळ्या बेझलमुळे डायल लहान दिसतो, त्यामुळे साडेसहा इंच मनगटालाही छान बसतं. जाडी तेरा मिलीमीटरच्या पुढे आहे, हेसलाइट सफायरपेक्षा किंचित जाड, पण त्यातली बरीच उंची काचेच्या घुमटाची असल्याने शर्टाच्या बाहीत अडकत नाही. मनगट अजून बारीक असेल तर २०२४ मध्ये आलेलं फर्स्ट ओमेगा इन स्पेस बघा, ३९.७ मिलीमीटर, अंतराळवीर वॉली शिरा १९६२ मध्ये स्वतःचं वैयक्तिक स्पीडमास्टर घालून मर्क्युरी यानातून गेला होता त्या घड्याळावरून बनवलेलं, मशीन हेच, काच सफायर.

पाणी. हा आपल्याकडे खरा प्रश्न. ५० मीटर लिहिलंय पण बटणं स्क्रूची नाहीत, त्यामुळे पोहायला नको, आणि जून ते सप्टेंबर मी तरी बाइकवर हे घड्याळ घालत नाही, सरळ कुठलंतरी डायव्हर, म्हणजे पाण्यात चालणारं घड्याळ, घालतो. हात धुताना, चार थेंब उडाले तर काही होत नाही. कोकणात किंवा गोव्यात समुद्रावर न्यायचं असेल तर हॉटेलच्या तिजोरीत ठेवून मग पाण्यात जा. यात हेसलाइट-सफायर असा भेद नाही. घामाने ब्रेसलेट चिकट होतं, त्याला आठवड्यातून एकदा जुन्या मऊ ब्रशने आणि ओल्या फडक्याने पुसलं की झालं.

क्रोनोग्राफ लोक वापरत नाहीत म्हणतात, मी वापरतो. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर शेजारच्या सीटवर बसलेलो असलो की एका किलोमीटरच्या पाटीला बटण दाबायचं, पुढच्या पाटीला थांबवायचं, ३६ सेकंद भरले तर बेझलवरच्या वेगाच्या आकड्यांत काटा बरोबर १०० वर असतो, म्हणजे ताशी १०० किलोमीटर. गाडीचा मीटर किती पुढचं दाखवतो तेही यातून कळतं. बटण दाबताना आधी किंचित अडतं आणि मग ठाम टक होऊन सुटतं, तो स्पर्श शब्दात सांगता येत नाही, दुकानात गेल्यावर दाबूनच बघा. मशीन सेकंदाला सहा ठोके देतं म्हणून नव्या डायलवर प्रत्येक सेकंदाचे तीन भाग केलेत, आधी पाच होते जे या ठोक्यांशी जुळत नव्हते. असं बारीक काही बदलायचं कोणाला तरी सुचलं आणि त्यांनी ते केलं याचं मला फार कौतुक वाटतं. तसंच बेझलवर ९० च्या आकड्याच्या डोक्यावर बरोबर वर असलेला ठिपका, जुन्या स्पीडमास्टरवर होता, मधली कित्येक वर्षं तो बाजूला सरकला होता, आता परत आणलाय.

याच घराण्यातले बाकीचे पर्याय थोडक्यात. २०२४ चा पांढरा डायल, लॅकरचा, लाल अक्षरात स्पीडमास्टर, सेकंदकाट्याला लाल टोक, प्रत्यक्षात फोटोपेक्षा खूपच सुंदर दिसतो, आणि त्याच्या ब्रेसलेटच्या क्लास्पमध्ये जागच्या जागी सैल-घट्ट करायची सोय आहे जी आपल्या उन्हाळ्यात मनगट सुजतं तेव्हा देवासारखी वाटते. कलेक्शनमध्ये काळं मूनवॉच आधीपासून असेल तर हाच घ्या. पण पहिलंच मूनवॉच असेल तर मी काळ्यापासून हलणार नाही. जुनं १८६१ वापरलेलं घ्यायचं असेल तर पैसे वाचतात, आणि घड्याळ उत्तमच आहे, पण बॉक्स, कार्ड, सर्व्हिसचे कागद सगळं नीट बघून, आणि ओळखीतल्या जाणकाराला दाखवून मगच. रोलेक्सच्या डेटोनाशी तुलना करणारे बरेच भेटतात, ते ऑटोमॅटिक आहे, बटणं स्क्रूची आहेत, अप्रतिम आहे, पण शोरूममध्ये जाऊन घेऊन आलो असं ते मिळत नाही, मूनवॉच मिळतं, आणि पाहिजे ती वस्तू सन्मानाने काउंटरवर मिळणं याला माझ्या लेखी मोल आहे.

किमतीचं म्हणाल तर सफायरला हेसलाइटपेक्षा जास्त मोजावे लागतात, आणि दोन्ही पाच लाखांच्या वर आहेत, तेव्हा पॅन कार्ड सोबत न्या, दोन लाखांच्या वरच्या खरेदीला ते लागतंच. ऑक्टोबर २०२५ पासून स्वित्झर्लंड असलेल्या एफ्टा गटाशी भारताचा व्यापार करार लागू झालाय, त्यात स्विस घड्याळांवरची कस्टम ड्युटी टप्प्याटप्प्याने कमी होत जाणार आहे, पण टप्पे काही वर्षांचे आहेत आणि कंपन्या दर वाढवतच असतात, त्यामुळे त्यासाठी थांबून राहण्यात मला अर्थ दिसत नाही. दुबईहून आणणार असाल तर विमानतळावर कस्टमच्या रेड चॅनेलने जाऊन रीतसर ड्युटी भरा आणि पावती जपून ठेवा, पुढे विकताना किंवा विमा काढताना तीच उपयोगी पडते. दोन घड्याळांतला जो फरक वाचतो त्यात एक चांगला लेदर स्ट्रॅप, एक नाटो (कापडी पट्टा) आणि एक पॉलीवॉच येऊन वर पैसे उरतात, आणि २० मिलीमीटरचे कान असल्यामुळे या घड्याळाला जवळजवळ काहीही शोभतं.

मग सफायर कोणी घ्यावं? ज्याचं हे एकमेव भारी घड्याळ असणार आहे, जो रोज तेच घालणार, लोकलच्या गर्दीत, साइटवर, लहान पोराला कडेवर घेऊन, आणि ज्याला काचेवर रेघ दिसली की रात्री झोप लागत नाही, त्याने खुशाल सफायर घ्यावं, त्यात काही कमीपणा नाही, घड्याळ तितकंच खरं आहे. मशीन बघत बसायची ज्याला मनापासून आवड आहे, रोज रात्री घड्याळ काढून पालथं करून दोन मिनिटं बघणारी माणसं मी पाहिलीत, त्यानेही सफायरच घ्यावं. पण ज्याच्या डब्यात आधीच दोन-चार सफायर काचेची घड्याळं आहेत, म्हणजे एखादं टिसो, एखादं सीमास्टर, एखादं ग्रँड सेको, त्याला सफायरचं मूनवॉच घेऊन हातात नवीन काही येणार नाही, अजून एक स्वच्छ, थंड, टणक काच येईल. हेसलाइट मात्र त्या डब्यात एकटंच तसं असेल.

एकच विनंती, दोन्ही एकत्र बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बऱ्याच ठिकाणी एका वेळी एकच काच स्टॉकमध्ये असते आणि जे आहे तेच कसं भारी हे आपल्या गळी उतरवतात. एका शोरूममध्ये तर हेसलाइटबद्दल विचारल्यावर मला सरळ सांगितलं की ते आता कोणी घेत नाही, आणि तेच घड्याळ दुसरीकडे दोन आठवड्यांत मागवून मिळालं. आधी फोन करा, दोन्ही मागवून ठेवायला सांगा, दुपारी जा, दोन्ही एका ट्रेवर घेऊन काउंटरवरच्या दिव्यांपासून लांब, खिडकीशी किंवा दाराशी जा, आणि दोन्ही हळूहळू तिरकी करून बघा. पालथी नंतर करा.